सुनेचा देश आणि शेजारचा देश

माझा मुलगा पस्तिशीला टेकला तेव्हा मी त्याच्या लग्नाचा विषय काढणं सोडून दिलं होतं. त्याचं काम जुन्या इमारतींची लेझर यंत्रानं मोजणी करण्याचं. आज जव्हारचा एखादा वाडा, उद्या कुठल्या किल्ल्याची भिंत. घरी असला तर कॉम्प्युटरवर त्या भिंतींची ठिपक्या-ठिपक्यांची चित्रं बघत बसायचा. त्याच्यासाठी मुलगी बघायला जायचं म्हणजे मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. मग त्याला अंबरनाथच्या शिवमंदिराचं काम मिळालं, आणि माझी ही चिंता त्या दगडांनीच मिटवली.

मंदिराच्या कोरीवकामाची नोंद करायला युरोपातून काही मंडळी आली होती. त्यांत एक मुलगी होती, दगडाची डागडुजी करणारी. भेगा कुठे पडल्यात, कुठला तुकडा सुटायला आलाय, हे बोटांनी चाचपून सांगायची म्हणे. मुलगा रोज घरी यायचा तो धुळीनं माखलेला आणि विनाकारण खूश. एका संध्याकाळी तो तिला बदलापुरातल्या आमच्या खरवईच्या फ्लॅटवर जेवायलाच घेऊन आला. मी साधी भेंडीची भाजी केली होती. तिनं सगळं खाल्लं, आपलं ताट आपण घासलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं, "आई, भाजी छान आहे, पण तिखट माझ्या डोळ्यात आली."

मी मुलाकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता. मला कळायचं ते कळलं.

देशांची नावं मी इथे मुद्दाम घेत नाही. सुनेचा देश लहान आहे, त्याच्या शेजारचाही लहानच, आणि पुढे जे झालं त्यात कुणा एका देशाला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही.

लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. महिनाभर आधी नोटीस लागली, मग ठरलेल्या दिवशी नोंदणी कार्यालयात सह्या. तिचे वडील आले होते. उंच, अबोल गृहस्थ, घामाघूम झाले तरी कोट काढायला तयार नाहीत. आम्ही घरचे मोजके लोक होतो. पेढे वाटले आणि मला वाटलं, झालं.

पण माझा थोरला भाऊ सोनिवलीला राहतो, माझं माहेर तेच. त्याची भातशेती आहे. आता भोवतीनं इमारती उठल्यात, पण घरापुढचं अंगण त्यानं अजून कुणाला दिलेलं नाही. तो नोंदणी कार्यालयातून बाहेर पडता पडता म्हणाला, "कागदावर सही केली म्हंजे लगीन झाला काय? मामाच्या अंगनात हलद लागल्याबिगर पोरगा नवरा होत नाय."

झालं. त्या आठवड्याच्या शेवटी अंगणात मांडव पडला. शनिवारी हळद, रविवारी लग्न. हळदीला दोन बकरे कापले. सोनिवली तर आलीच, खरवईची आमची सोसायटी आली, मुलाचे अंबरनाथचे शाळासोबती आले, माझ्या कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणी आल्या. मी अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी केली, मिस्टरही तिथेच होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचे सहकारी आठवणीनं आले. सुनेच्या वडिलांनी हळदीला अखेर कोट काढला आणि बेंजोवाल्यांच्या पुढे जाऊन हात वर करून असे काही नाचले की पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

यापुढे खरं प्रकरण सुरू झालं.

सुनेचं काम तिकडचं. मुलालाही तिकडे काम मिळण्यासारखं होतं, म्हणून दोघांनी तिकडे राहायचं ठरवलं. मला वाटलं, नवरा-बायको आहेत, तिकीट काढलं की निघाले. पण तिनं आपल्या देशाच्या कचेरीत चौकशी केली आणि फोनवर मला म्हणाली, "आई, माझ्या देशात माझा नवरा येऊ शकत नाही. शेजारच्या देशात येऊ शकतो."

मला वाटलं, हिचं मराठी पुन्हा उलटसुलट झालं. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "नाही आई, बरोबर सांगतेय ती."

माझी एक मैत्रीण उल्हासनगरला वकिली करते. आम्ही कॉलेजात एका बाकावर बसायचो. ती सिंधी. तिचे आईवडील फाळणीनंतर सगळं मागे टाकून इथल्या निर्वासितांच्या कॅम्पात आले. पुढे तिनं आयुष्यभर एकच काम केलं, सीमेपलीकडून आलेल्या कुटुंबांना नागरिकत्व मिळवून द्यायचं. ती म्हणते, "आमच्या घरात नागरिकता हा शब्द मी क-ख-ग च्या आधी शिकले." तिचं ऑफिस कपड्याच्या दुकानावर आहे. जिना चढून गेले की खालच्या नव्या कापडाचा वास तिथपर्यंत येतो. मी जाऊन तिच्यापुढे सगळं मांडलं. तिनं दोन दिवस मागून घेतले, युरोपचे कायदे वाचून काढले आणि मला परत बोलावलं.

"हे बघ," ती म्हणाली, "तुझी सून स्वतःच्या देशात राहते तोवर तिला तिच्या देशाचा कायदा लागू. नवरा बाहेरचा असेल तर आधी त्यानं इथे बसून तिथली भाषा शिकायची, परीक्षा द्यायची. वर तिनं पक्क्या पगाराची नोकरी दाखवायची."

"तिला कुठली पक्की नोकरी? आज या चर्चचं काम, उद्या त्या पुलाचं."

"तेच तर. पण ती शेजारच्या देशात जाऊन राहिली, तिथे कामाला लागली, की मग ती तिथे युरोपीय संघाची नागरिक म्हणून उभी राहते. तिथे संघाचा कायदा. संघातल्या कुठल्याही देशात जा, राहा, कमवा, आणि घरच्यांना सोबत न्या. नवऱ्याला नेण्याचा हक्क तिचा आहे, कुणाची मेहरबानी नाही. परीक्षा-वरीक्षा काही नाही."

"म्हणजे माहेरी नवरा नेता येत नाही, शेजाऱ्याकडे नेता येतो?"

"एकदम करेक्ट."

"कुणी केला गं हा कायदा?"

"सत्तावीस देशांनी मिळून. तुमच्या सोसायटीत पार्किंगवरून एकमत होत नाही, आणि हे सत्तावीस देश. थोडंफार वाकडं होणारच ना यार."

मी हे भावाला समजावायला गेले. म्हटलं, समज बदलापूरच्या मुलीनं लग्न केलं आणि नवऱ्याला बदलापुरात आणायचं तर परीक्षा, पण ती उल्हासनगरला राहायला गेली तर तिला कुणी काही विचारणार नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग येवढा तरास कशाला? दोघांना हितंच ठेव. मागल्या खोलीला पंखा लावतो मी."

सून शेजारच्या देशात गेली. सीमेपासून जवळच एका गावात तिनं खोली घेतली, एका जुन्या घंटाघराच्या डागडुजीचं काम धरलं. मुलानं मुंबईला जाऊन तिच्याकडे जाण्यासाठी व्हिसाचा अर्ज दिला. त्याला मुलाखतीला बोलावलं आणि त्याच सुमाराला तिलाही तिकडच्या कचेरीत बोलावलं. दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले. परदेशी नवरा आणि अशी सोयीची वाट, म्हटल्यावर लग्न नुसतं देखाव्याचं तर नाही ना, हे त्यांना बघायचं होतं.

काही आठवड्यांनी नकार आला. लग्नाच्या खरेपणाबद्दल गंभीर शंका आहे, असं त्यात होतं. दोघांची उत्तरं जुळली नव्हती. लग्न कुठे झालं? हा म्हणाला, नोंदणी कार्यालयात. ती म्हणाली, मामाच्या अंगणात. किती माणसं होती? हा म्हणाला, दहा-बारा. ती म्हणाली, पाच-सहाशे. तुम्ही एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलता? हा म्हणाला, इंग्रजीत. ती म्हणाली, मराठीत.

मुलानं दिवसभर मोजणीचं यंत्र हातात घेतलं नाही. रात्रीचं जेवणही चिवडून उठला. मला राग आला, पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. पोराचं सुख मी डोळ्यांनी बघितलं होतं. ते खरं की खोटं हे दूर कुठेतरी बसलेला, त्याला कधी हसताना न पाहिलेला माणूस ठरवतो, याचा मला अपमान वाटला. सकाळी उठून मी तडक उल्हासनगर गाठलं.

वकीलबाईनं कागद वाचला आणि चक्क हसायला लागली.

"हसतेस काय?"

"अगं, दोघंही खरं बोललेत! याच्यासारखं संकट नाही. खोटं बोलणाऱ्यांची उत्तरं आधीच ठरलेली असतात, ती बरोब्बर जुळतात. तुझ्या पोरानं कायद्याचं लग्न सांगितलं, सुनेनं मनातलं सांगितलं."

"आणि भाषेचं?"

"ते तू सांग. काय बोलतात ते?"

मी आठवून बघितलं. तो तिच्याशी इंग्रजीत बोलायचा आणि ती त्याला मराठीत उत्तर द्यायची, कारण तिला शिकायचं होतं. दोघांनी आपापलंच सांगितलं होतं.

ती म्हणाली, "आता कायदा ऐक. या हक्काला नाही म्हणायचं तर मोजकीच कारणं चालतात. लग्न बनावट आहे हे त्यातलं एक. पण बनावट आहे असा संशय ज्याला आलाय, त्यानं ते सिद्ध करायचं. नुसतं 'आम्हाला वाटतं' चालत नाही. आपण दाद मागू." तिकडच्या कोर्टात ती स्वतः उभी राहू शकत नव्हती. तिनं तिथली एक तरुण वकील शोधली, आणि मग दोघींचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. मधेच हिच्या खिडकीखाली सेलची लाउडस्पीकरवर जाहिरात लागायची, आणि तिकडची वकील दर वेळी विचारायची, हे काय ओरडताहेत?

तिकडच्या वकिलानं एक गोष्ट मात्र बजावली. लग्न खरं आहे हे दिसायला दोघं एकत्र असलेली बरी, पण सुनेनं भारतात फार दिवस काढायचे नाहीत. ती शेजारच्या देशात खरोखर राहते म्हणून तर हा हक्क. तिथून पाय निघाला की हक्कही निघाला. नवऱ्याला जवळ आणण्याच्या हक्कासाठी नवऱ्यापासून लांब राहायचं! सून त्यावर म्हणाली, "आई, माझ्या पासपोर्टला खूप दरवाजे आहे, पण मी दरवाजात उभी आहे." व्याकरण चुकलं होतं, बाकी काही चुकलं नव्हतं.

तरी सुट्टी जोडून ती काही आठवडे आली. मुलाचं त्या दिवसांत ठाण्याच्या पुढे काम चालू होतं, त्यामुळे दिवसभर घरात मी आणि ती. माझ्याबरोबर भाजीला यायची. सुरुवातीला भाजीवाले तिला दुप्पट भाव सांगायचे. मग एकदा ती म्हणाली, "दादा, मी इथली सून आहे, बरोबर सांगा," आणि तो भाजीवाला इतका खूश झाला की वर कोथिंबीर टाकून म्हणाला, "भाभी, मैं भी यहाँ का नहीं हूँ, जौनपुर का हूँ." सून विचारात पडली. घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "त्याला इथे राहायला कुणाची परवानगी लागली?"

"नाही. आपल्या घटनेतच आहे, देशात कुठेही जा, कुठेही राहा."

"भाषेची परीक्षा?"

"तीही नाही."

"कुणी रागवत नाही?"

मी खोटं कशाला बोलू? म्हटलं, "रागावतात. बाहेरचे फार झाले म्हणून कुरकुर करतात. तुझ्या सासऱ्यांनाही सुरुवातीला काही लोक म्हणायचे, साताऱ्याकडून आले नि आमच्या नोकऱ्या घेतल्या. माझ्या भावानंही म्हटलं होतं."

"मामांनी?"

"मग बहीणच त्यांना दिली, काय करणार!"

ती इतकी हसली की हातातली शेंग सोलायची राहिली. मग तिनं सांगितलं की तिकडेही असंच आहे. कायद्यात मोकळीक आहे, पण ती नको असणारे लोकही आहेत. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी कोर्टात जातं, या हक्काची हद्द अजून थोडी आत ओढा म्हणून, आणि दुसरं कुणीतरी ती बाहेर ढकलायला जातं. "आमचं लग्न मध्ये सापडलं," ती म्हणाली. तिचे वडील तरुण असताना या सीमेवर गाड्या थांबवून तपासणी व्हायची, आता तिथे फक्त एक पाटी आहे, हेही तिनंच सांगितलं.

कोर्टात द्यायला पुरावे गोळा झाले. हळदीचे फोटो, सोसायटीतल्या लोकांची निवेदनं, दोघांचे मेसेज. मेसेज द्यायला मुलगा लाजत होता. वकीलबाई म्हणाली, "मी कोर्टात याच्याहून भयानक वाचलंय, दे इकडे." शेवटी भावाचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. तो इस्त्रीचा सदरा घालून उल्हासनगरला आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला.

वकीलबाईनं लिहायला घेतलं. "लग्न तुमच्या घरी झालं. किती लोक जेवले, दादा?"

"पाच-सहाशे तर नक्की. गाव जेवला."

"ठीक. आणखी काही सांगायचंय?"

"दोन बकरं लिव्हा."

"दादा, कोर्टात बकरे कसे लिहू?"

"लिव्हा तुमी. बाई, मना सांगा, खोट्या लगनाला कोन दोन बकरं कापतो?"

वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पेन उचलून तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. भाऊ वाचून दाखवायला लावून, दोन्ही बकरे आलेत याची खात्री करूनच सहीला वाकला.

सून परत गेली. निरोप देताना मुलगा विमानतळावर ज्या चेहऱ्यानं उभा होता, तो मी सांगत नाही. पुढचे महिने लांब गेले. तो भिंती मोजत राहिला, रोज तिच्याशी फोनवर बोलत राहिला. आणि मी बघितलं, ज्या परीक्षेतून सुटका व्हावी म्हणून एवढी वाट वाकडी केली होती, तिचीच भाषा त्यानं मनावर घेतली. आंघोळ करताना तो घशातून खरखर आवाज काढायला लागला तेव्हा मी हळद-दूध घेऊन दाराशी गेले. आतून म्हणाला, "आई, सर्दी नाही, त्यांच्या भाषेतल्या 'ग' चा सराव करतोय."

निकाल आला तेव्हा मी पापड वाळत घालत होते. फोन वकीलबाईचा होता. ती नुसतं म्हणत होती, "जिंकलो, अगं जिंकलो, सुन तो!" कोर्टानं नकार रद्द केला होता. उत्तरांतला फरक दोन समारंभांमुळे पडला हे मान्य केलं होतं, आणि संशय सिद्ध करण्याची जबाबदारी कचेरीनं पार पाडली नाही असं म्हटलं होतं. तिकडच्या वकिलानं भाषांतर करून पाठवलेल्या पानांत एक ओळ होती: नवऱ्याच्या मामानं समारंभासाठी केलेला लक्षणीय खर्च, ज्यात दोन बकऱ्यांचा समावेश आहे, हा देखाव्याच्या विवाहाशी सुसंगत वाटत नाही.

मी भावाला फोन करून ती ओळ वाचून दाखवली. त्यानं ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाला, "तवा जज्जाला जेवायला बोलीव."

मुलाला तिकडे जाऊन आता दोन वर्षं होत आली. दोघं सीमेजवळच्या त्याच गावात राहतात. सुनेचं घंटाघर पूर्ण झालं, आता पलीकडे, तिच्या स्वतःच्या देशात, एका पुलाचं काम चालू आहे. ती रोज सकाळी सायकलवरून आपल्या देशात कामाला जाते आणि संध्याकाळी परदेशात घरी येते. मुलाला तिकडे मोजणीचं काम मिळालं. भाषेची परीक्षाही दिली, कुणी मागितलेली नसताना, आणि पास झाला. शेजारच्या देशात खरोखर संसार केल्यामुळे आता तोच संघाचा कायदा धरून सुनेला नवऱ्यासह स्वतःच्या देशात परतता येईल, असं तिकडची वकील सांगते. त्यावरही कोर्टात वाद चालतात म्हणे. पण या दोघांना घाई नाही. मागे अंगण आहे, मुलानं त्यात मेथी लावली आहे.

आता माझी जायची पाळी आली आहे. अर्ज भरायला मी वकीलबाईकडे गेले तर ती म्हणाली, "सुनेवर अवलंबून असलेली सासू म्हणून लिही. त्याच कायद्यानं जाशील, व्हिसाची फीसुद्धा लागणार नाही."

"अवलंबून? मी?"

"अगं, कागदावर."

"मला पेन्शन आहे. फ्लॅट माझ्या नावावर आहे. भेंडी मी तिला करून घातली. तूच सांग, मी खोटं लिहू?"

ती हात जोडून म्हणाली, "बरं बाई, साधा टुरिस्टचा भर." मग कपाटातली एक फाईल उगाच वर-खाली करत म्हणाली, "दोन भर. मीही येते. जन्मभर लोकांचे पासपोर्ट बघितले, माझ्या स्वतःच्या पासपोर्टवर एक शिक्का नाही. मला ती पाटी बघायचीय, जिथे कुणी थांबवत नाही."

दोघींचे व्हिसा गेल्या आठवड्यात आले. सुनेनं कळवलंय की सीमेपर्यंत चालत जायला लांब पडेल, सायकली तयार ठेवल्या आहेत. मला येते. वकीलबाईला येत नाही. म्हणून सध्या रोज सकाळी आम्ही दोघी उल्हासनगरच्या गोल मैदानात जातो. ती तिच्या पुतणीची सायकल चालवते, मी मागून सीट धरून पळते, आणि फिरायला आलेले लोक बाजूला होऊन आम्हाला वाट देतात. काल तिनं मला हात काढायला लावला आणि अर्धी फेरी एकटीनं मारली. मग एका बाकावर जाऊन धडकली, उठली, पंजाबी ड्रेस झटकला आणि मला म्हणाली, "चल, परत एकदा."